जहाजावांचून विमानें

पुस्तकाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, फार तर चित्रप्रदर्शनाचें करावें. परंतु संग्रहालयाचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे अद्याप रुळलेली नाहीं. संग्रहालय पाहून आलेला मनुष्य 'छान आहे' किंवा 'व्यवस्था बरी नाहीं' एवढें म्हणतो, आणि लगेच तिकिटाचा दर, पिण्याचें पाणी व जेवणाची सोय यांकडे वळतो. वास्तविक संग्रहालय हाहि एक ग्रंथच होय. त्यांत कोणी तरी निवड केलेली असते, क्रम लावलेला असतो, कांहीं सांगितलेलें आणि कांहीं गाळलेलें असतें. आणि जेथें निवड व क्रम आला तेथें टीकाकारास बोलण्याचा अधिकार पोंचतो. याच अधिकारानें गोव्यांत बोगमाळो येथें असलेल्या नौदलाच्या विमानसंग्रहालयाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुण्याहून गोव्यास मोटारीनें जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आतां इतकी वाढली आहे कीं, या प्रवासाचें वर्णन करणें म्हणजे वाचकांस त्यांच्याच घरचा पत्ता सांगण्यासारखें होईल. आम्हीं कोल्हापुरावरून गडहिंग्लज, आजरा व आंबोली हा मार्ग घेतला, सावंतवाडीस मुक्काम केला आणि दुसरे दिवशीं दुपारपूर्वीं दाबोळीच्या पठारावर येऊन पोंचलों. बरोबर आमचें कुटुंब, यंत्रविद्येचा पदवीधर असलेला आमचा पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची नऊ वर्षांची कन्या एवढी मंडळी होती. समुद्रावर जाण्याच्या आधीं विमानें पाहावीं असा पुतण्याचा आग्रह. समुद्रावर जाण्याच्या आधीं दुसरें कांहींहि पाहूं नये असें कन्येचें स्पष्ट मत. तासाभरांत आटपावयाचें अशी तडजोड ठरली. प्रत्यक्षांत तीन तास लागले, आणि ते तिच्याच एका प्रश्नामुळें लागले.

हें संग्रहालय १९९८ च्या ऑक्टोबर महिन्यांत उघडलें. मोकळ्या आवारांत विमानें व हेलिकॉप्टरें मांडलेलीं आहेत. इमारतीच्या आंत एंजिनें, शस्त्रें, वैमानिकांचीं जीवरक्षक साधनें, छायाचित्रें आणि जहाजांच्या प्रतिकृति आहेत. शेजारींच दाबोळीचा विमानतळ असल्यामुळें निवृत्त विमानांच्या डोक्यावरून चालतीं विमानें सारखीं जात असतात. एखाद्या वृद्धाश्रमाच्या भिंतीला लागून शाळेचें मैदान असावें तसा हा प्रकार आहे. तो कोणी मुद्दाम योजलेला नसला तरी परिणामकारक आहे यांत शंका नाहीं.

आवारांत पाऊल टाकतांच नजर जाते ती लॉकहीड कंपनीच्या सुपर कॉन्स्टेलेशनकडे. तीन शेपट्या, चार पंख्यांचीं एंजिनें, आणि माशाच्या पाठीसारखें बांकदार अंग! प्रवासी विमान इतकें डौलदार पुन्हां झालें नाहीं, असें आमचें मत आहे. आजचीं विमानें त्याच्यापुढें सरळ नळकांडीं वाटतात. १९५४ च्या सुमारास एअर इंडियानें हीं विमानें आणलीं. त्या काळीं विलायतेस शिकावयास जाणारीं आपलीं मुलें याच जातीच्या विमानांतून गेलीं असतील; सांताक्रूझच्या विमानतळावर त्यांच्या आयांनीं यांच्याकडे पाहून डोळे पुसले असतील. पुढें जेट विमानें आलीं तेव्हां हीं हवाईदलाकडे गेलीं, आणि १९७६ सालीं नौदलानें त्यांस समुद्रावर टेहळणी करावयास लाविलें. प्रवाशांस नेणारें विमान उतारवयांत पहारेकरी झालें. एवढें चरित्र ज्या वस्तूस आहे ती वस्तु मुकी नसते. तिला बोलतें मात्र करावें लागतें.

त्याच्या मानानें शॉर्ट सीलँड हें विमान अगदींच साधें. परंतु मान द्यावयाचा तर पहिला त्यास द्यावा लागेल, कारण १९५३ सालीं कोचीनला आलेल्या सीलँडपासून भारतीय नौदलाच्या विमानविद्येचा श्रीगणेशा झाला. जमिनीवर व पाण्यावर दोन्हीकडे उतरणारें हें विमान बेलफास्टच्या कारखान्यांत तयार होई. त्याच बेलफास्टच्या गोदींत पुढें एक मोठें जहाज पुरें व्हावयाचें होतें; त्याच्याकडे आपणांस लौकरच यावयाचें आहे. फायरफ्लाय हें दुसरें विलायती विमान तोफांच्या सरावासाठीं हवेंतून निशाणाचें लक्ष्य ओढून नेण्याच्या कामीं येई. ज्याच्या मागें दोरीवर बांधलेल्या वस्तूवर आपलेच लोक गोळ्या झाडणार, असें विमान चालविणाऱ्याचें धैर्य कोणत्या जातीचें असावें, असा विनोद आमच्या पुतण्यानें केला. विनोद बरा होता.

या परदेशी पाहुण्यांच्या मेळ्यांत एक लहानसें शिकाऊ विमान आहे. त्याच्याजवळ बहुतेक लोक थांबत नाहींत, आणि छायाचित्र तर कोणीच काढीत नाहीं. तें हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगलोरच्या कारखान्याचें 'एचटी-२'. तें १९५१ सालीं प्रथम उडालें. स्वतंत्र झालेल्या देशानें स्वतःच्या बुद्धीनें आंखलेलें आणि स्वतःच्या हातांनीं घडविलेलें तें पहिलें विमान म्हणतां येईल. त्याचे आराखडे करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे मूळचे गडहिंग्लज तालुक्यांतील हसूरचंपूचे. जर्मनींत गोटिंगेन येथें प्रांट्ल यांच्या हाताखालीं त्यांनीं वायुगतीचें शास्त्र शिकलें. प्रांट्ल म्हणजे त्या शास्त्राचे आद्य आचार्यच. विद्या घेऊन घाटगे परत आले आणि बंगलोरास स्थिरावले. आदले दिवशीं आम्ही गडहिंग्लजमध्यें चहा घेतला होता. त्या चहाच्या दुकानापासून कांहीं मैलांवर जन्मलेल्या माणसाची कृति गोव्याच्या उन्हांत अशी एका बाजूस उभी असलेली पाहून आमचें मन थोडें कष्टी झालें. आम्ही मराठी आहों म्हणून हें लिहीत नाहीं, असें म्हणणें खोटेपणाचें होईल. कांहीं अंशीं म्हणूनच लिहितों. पण दुसरें कारणहि आहे. भोंवतालचीं बहुतेक विमानें विकत घेतलेलीं: ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन, रशियन. त्या साऱ्यांच्या मध्यें हें एक ठेंगणें विमान 'आम्हांसहि करतां येतें' असें सांगत आहे. ज्या संग्रहालयास कथा सांगावयाची असेल त्यानें या वाक्यास कोंपऱ्यांत ठेवूं नये.

आतां त्या प्रश्नाकडे वळतों. सी हॉक हें एकाच वैमानिकाचें, सुबक, बेतशीर जेट विमान. त्याच्या पोटाखालीं, शेपटीच्या बाजूस, एक लोखंडी आंकडा आहे. मोठ्या माणसांची दृष्टि पंखांवर व नाकावर असते. मुलांची उंचीच अशी कीं त्यांस पोटाखालचें आधीं दिसतें. कन्येनें विचारलें, "आजोबा, विमानाला आंकडा कशाला?"

साहित्याच्या अध्यापकास याचें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. तें पुतण्यानें दिलें, आणि चांगलें दिलें. जहाजाच्या डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. विमान उतरतांना हा आंकडा खालीं सोडतें. तो एखाद्या दोरांत अडकला कीं एवढ्या वेगानें आलेलें विमान कांहीं पावलांत थांबतें. न अडकला तर वैमानिकानें पूर्ण जोर देऊन पुन्हां हवेंत निघून जावयाचें, नाहीं तर समुद्रांत पडावयाचें. उडतांना याच्या उलट. डेकवरची वाट एवढी आंखूड कीं धांवत जाऊन उडण्यास ती पुरत नाहीं; म्हणून वाफेच्या बळावर चालणारी एक प्रकारची गोफण विमानास पुढें भिरकावते. त्या वेळीं जहाजानेंहि तोंड वाऱ्याकडे करून वेगानें चालावें लागतें. म्हणजे उडण्यांत जहाजाचा वांटा असतो व उतरण्यांतहि असतो. त्या कन्येस हें सारें पटलें. तिनें दुसरा प्रश्न केला, "मग तें जहाज कोठें आहे?"

पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें.

आंतल्या दालनांत त्या जहाजाची प्रतिकृति आहे, ती आम्हीं तिला दाखविली. ती हातभर प्रतिकृति पाहून तिनें जी मुद्रा केली तिच्यांत आमच्या साऱ्या टीकेचें बीज आहे. बाहेर खरीं विमानें, आंत खेळण्याएवढें जहाज. आणि या दोहोंमध्यें भिंत. विमानें म्हणजे शब्द व जहाज म्हणजे वाक्य असें मानलें, तर येथें शब्दांचा उत्तम संग्रह आहे, पण वाक्य मात्र कोशांतील एखाद्या चित्राएवढें उरलें आहे. वेग, वजन, पल्ला, शस्त्रें हा विमानांच्या फलकांचा जगभर ठरून गेलेला क्रम आहे. तो क्रम यंत्राची ओळख करून देतो आणि यंत्रापाशींच थांबतो. सी हॉक किंवा त्याचा सोबती आलिझे यांचे पंख मिटणारे कां, पाय इतके दणकट कां, आंकडा कां, या प्रत्येक 'कां'चें उत्तर विमानाच्या बाहेर, सातशें फूट लांबीच्या एका पोलादी डेकवर आहे.

तें जहाज म्हणजे 'विक्रांत'. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं तें बांधावयास घेतलें, युद्ध संपल्यावर अर्धवट सोडलें. भारतानें तें १९५७ सालीं विकत घेऊन बेलफास्टच्या गोदींत पुरें करवून घेतलें. ४ मार्च १९६१ रोजीं तें आपल्या नौदलांत दाखल झालें; त्या समारंभास विजयालक्ष्मी पंडित होत्या. १९७१ च्या डिसेंबरांत याच जहाजावरून सी हॉक विमानांनीं कॉक्सबाजार व चितगांव यांवर हल्ले केले. त्या वेळीं जहाजाच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडे गेलेले होते. वेग कमी, आणि वेगावांचून डेकवर पुरेसा वारा नाहीं. तशा अवस्थेंत तें बंगालच्या उपसागरांत गेलें. कोणत्याहि कादंबरीकारानें याहून चांगली अडचण कल्पिली नसती. परंतु तडा गेलेला बॉयलर ही गोष्ट विमानाच्या फलकावर बसत नाहीं, कारण ती विमानाची नाहीं. आणि जहाज तर येथें नाहींच.

१९९७ च्या जानेवारींत विक्रांत निवृत्त झालें. २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईस तें संग्रहालय म्हणून उभें होतें. त्या काळांत मुलांना घेऊन तें पाहून आलेलीं घरें या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ असतील. नंतर तें असुरक्षित ठरून बंद झालें, विकलें गेलें, कोर्टदरबार झाला, आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईंत दारूखान्यास तें तोडावयास घेतलें. त्याच्या पोलादाचा कांहीं भाग एका मोटारसायकलीच्या टांकींत गेला, कांहीं भागाचें मुंबईंत रस्त्यावर एक शिल्प झालें. मोटारसायकलींत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं. पोलाद वितळून पुन्हां पोलाद होतें. देऊळ पडून त्याच्या दगडांची धर्मशाळा होते, तसें. पण वितळलेल्या धातूंतून आंकडा कशाला असतो हें कोणास कळत नाहीं.

या मुद्द्यावर पुतण्याचा व आमचा आवारांतच वाद झाला. त्याचें म्हणणें असें कीं, जहाज जपणें व विमान जपणें या निराळ्या गोष्टी आहेत. विमान चार खांबांवर उभें करून वर्षाआड रंग दिला कीं निभतें. जहाज खाऱ्या पाण्यांत दिवसेंदिवस कुजत असतें, त्यास गोदी लागते, जागा लागते, आणि खर्चाचा आंकडा शेंकडों कोटींच्या घरांत जातो. ज्या देशांत शाळांची छपरें गळतात तेथें जुन्या जहाजावर एवढा पैसा घालावा काय? हा युक्तिवाद पोकळ नाहीं. आमचें उत्तर एवढेंच होतें कीं, सारें जहाज राखणें शक्य नव्हतें हें कबूल केलें, तरी 'सारें किंवा कांहीं नाहीं' हा न्याय कोणी घालून दिला? पन्नास पावलांचा डेक कापून आणतां आला असता. त्या दोरांचीं यंत्रें राखतां आलीं असतीं. 'विराट' या दुसऱ्या जहाजाच्या बाबतींतहि हाच इतिहास घडला: २०१७ सालीं निवृत्ति, संग्रहालय करण्याच्या पुष्कळ योजना, आणि २०२० सालीं अलंगचा किनारा. त्याच्यावरून उडणारें सी हॅरियर मात्र बोगमाळोच्या उन्हांत उभें आहे. जागच्या जागीं उतरूं शकणारें हें विमान १९८३ पासून २०१६ पर्यंत नौदलांत होतें. त्याचीं फिरणारीं तोंडें पाहून पुतण्या वाद विसरला आणि आम्हांस जोराचे कोन समजावून सांगूं लागला.

संग्रहालयाच्या मांडणींत वाक्य कसें जुळवितात याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही खरी पाणबुडी वाळूवर आणून २००२ सालीं लोकांस खुली केली. २०१७ सालीं त्याच रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ हें रशियन बनावटीचें प्रचंड विमान ठेविलें. हें विमान पाणबुड्या शोधण्यासाठींच केलेलें. शिकारी आणि सावज एका रस्त्याच्या दोन बाजूंस! तेथें फलक वाचला नाहीं तरी चालतें. ज्यानें ही जागा निवडली त्यास मांडणीचें मर्म कळत होतें असें आम्ही म्हणूं.

बोगमाळोच्या आवारांतहि अशी एक जोडणी आपसूक घडलेली आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सकाळीं भारतीय हवाईदलाच्या १२ कॅनबेरा विमानांनीं दाबोळीच्या धांवपट्टीवर बाँब टाकले; त्या हवाई कारवाईचीं सूत्रें पुणें व बेळगांवजवळचें सांबरा येथून हालत होतीं. इमारतींस धक्का लावूं नये असा हुकूम होता. विमानतळावर त्या दिवशीं पोर्तुगीजांचीं दोन प्रवासी विमानें अडकलीं होतीं, त्यांपैकीं एक कॉन्स्टेलेशन. रात्रीं धांवपट्टीचा थोडा भाग घाईघाईनें दुरुस्त करून, कांहीं अधिकाऱ्यांच्या बायकामुलांस घेऊन, हीं दोन्ही विमानें काळोखांत निघून गेलीं. दुसरे दिवशीं गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता संपली. आज त्याच पठारावर दुसरें एक कॉन्स्टेलेशन कायमचें उभें आहे. एक येथून गेलें तें परत आलें नाहीं. दुसरें येथें आलें तें गेलें नाहीं. ज्यास आपण रिकामी जमीन समजून तुडवितों ती या संग्रहालयाची सर्वांत जुनी वस्तु आहे. गोंयकारांच्या घरांत ज्या रात्रीची आठवण अद्याप निघते, तिच्या दोन ओळी त्या तीन शेपट्यांच्या सावलींत लिहिल्या, तर मुंबई-पुण्याच्या प्रवाशास आपण केवळ समुद्रकिनाऱ्यावर आलों नाहीं हें उमगेल.

आणखी एका विमानाविषयीं लिहिलें पाहिजे. आलिझे हें फ्रेंच विमान दिसावयास बेढब आहे. पुढें एक पंखा, पोट मोठें, तिघांची बसण्याची सोय. आमच्या कुटुंबाचा अभिप्राय असा पडला कीं, हें लढाऊ वाटतच नाहीं, संसारी वाटतें. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं पाकिस्तानी पाणबुडीनें आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली; कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दुसरे दिवशीं त्या पाणबुडीच्या शोधांत निघालेलें एक आलिझे पाकिस्तानच्या वेगवान स्टारफायटर विमानानें पाडलें. आंतील तिघेहि गेले: अशोक रॉय, सिरोही आणि विजयन. पंखा फिरवीत चाललेलें हें संसारी विमान, आणि समोर आवाजाच्या दुप्पट वेगानें जाऊं शकणारें जेट. हें आमच्या कुटुंबास सांगितल्यावर तिनें पुन्हां मागें वळून त्या विमानाच्या पोटाशीं जाऊन आंत किती जागा आहे तें पाहिलें. "तिघे दाटीनेंच बसत असतील हो," असें ती म्हणाली. संग्रहालयांत याहून चांगलें समालोचन त्या दिवशीं कोणी केलें नाहीं.

युद्धाच्या यंत्रांचें कौतुक करावें कीं नाहीं, हा वाद येथें काढावयाची आमची इच्छा नाहीं. आवारांत आलेल्या तरुण मंडळींपैकीं बहुतेकांच्या हातीं भ्रमणध्वनि होता, आणि विमान हें त्यांच्या मुखाच्या मागें ठेवावयाचा एक पडदा होता. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. पाठ करून उभें राहावें अशीच जर वस्तु मांडली असेल तर लोक पाठच करणार. तोंड करून उभें राहावयास प्रश्न लागतो, आणि आंकड्यासारखे प्रश्न या आवारांत जागोजाग लोंबत आहेत.

टीकाकारानें नुसतें उणें काढूं नये, सुधारणाहि सुचवावी, असा या मासिकाचा दंडक आहे. म्हणून सुचवितों. विक्रांतचा डेक आतां मिळणें नाहीं. पण त्याचें मोजमाप उपलब्ध आहे. आवाराच्या जमिनीवर चुन्यानें तें पुरें मोजमाप आंखावें. त्यांत गोफणीची जागा, आडवे दोर, मनोऱ्याची सावली दाखवावी. दोन-तीन जुने पोलादी दोर खरोखरीच ताणून ठेवावे, आणि सी हॉक व आलिझे आणून त्या रेघांच्या आंत उभीं करावीं. मुलांना त्या रेघेवरून चालत जाऊं द्यावें म्हणजे डेक किती लहान होता हें त्यांचे पायच त्यांस सांगतील. पावसाळ्यांत चुना वाहून जाईल, तेव्हां दर दसऱ्यास तो पुन्हां घालावा लागेल. आपल्या देवळांस आपण तो घालतोंच. ही कल्पना आम्हीं मोटारींत मांडली तेव्हां पुतण्यानें तींतहि खोट काढली. सातशें फूट ओढावयाचे म्हटले तर रेघ बहुधा कुंपणापलीकडे रस्त्यावर जाईल, असें तो म्हणाला. जाऊं द्यावी.